अमेरिकेत एम.डी.च्या अर्जाआधीचा पोस्ट-बॅक: कुठे आणि कसा शोधायचा

तू विचारलंयस, "ताई, पुण्यात मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. झालंय, नवऱ्याबरोबर एच-४ व्हिसावर न्यू जर्सीला येतेय. एम.डी.ला अर्ज करायचाय, त्याआधी पोस्ट-बॅक कुठे करू?"

इथली एम.डी. म्हणजे आपल्या एम.बी.बी.एस.सारखी डॉक्टरकीची पहिली पदवी, आणि पोस्ट-बॅक म्हणजे पदवीनंतर, मेडिकलच्या अर्जाआधी लागणारे विषय पूर्ण करायचा कोर्स. आधी एक गोष्ट पक्की डोक्यात घे. पुण्याचे मार्क इथे फारसे कामाला येत नाहीत. एम.डी.चे बहुतेक अर्ज ॲमकास या सामाईक अर्जसेवेमार्फत जातात आणि ॲमकास परदेशी मार्क जीपीएमध्ये, म्हणजे मार्कांच्या सरासरीत, धरत नाही. शिवाय बऱ्याच मेडिकल कॉलेजांना निदान ९० क्रेडिट्स, नाहीतर अख्खी पदवीच, अमेरिकेतली किंवा कॅनडातली लागते. म्हणून कोर्सचं नाव शोधण्याआधी आपल्याला किती क्रेडिट्स लागतील ते काढ.

एएएमसी या अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या साइटवर पोस्ट-बॅकची यादी आहे, राज्य आणि प्रकार निवडून शोधता येते. ब्रिन मॉर, गाउचर या कॉलेजांची नावं सगळे सांगतील. कोर्स उत्तमच आहेत, पण ते करिअर बदलणाऱ्यांसाठी, म्हणजे ज्यांनी पदवीला हे विज्ञानाचे विषय घेतलेच नाहीत त्यांच्यासाठी. तुझं केमिस्ट्री-बायोलॉजी झालंय, त्यामुळे तिथे अडचण येईल. दुसरा प्रकार अमेरिकेतला कमी जीपीए सुधारण्यासाठी असतो, आणि तुझा तर इथला जीपीएच नाही. मेडिकलच्या तयारीसाठीच्या स्पेशल मास्टर्स कोर्सच्या मागे आत्ताच लागू नकोस. मास्टर्सचे मार्क वेगळे मोजतात, त्याने पदवीचा जीपीए तयार होत नाही.

माझ्या मते तुझ्यासाठी रटगर्ससारखं सरकारी विद्यापीठ बरं. तिथे दुसरी पदवी किंवा सुटे विषय घेता येतील का, ते विचार. एडिसनचं मिडलसेक्स कॉलेज स्वस्त पडतं, सुरुवातीचे एक-दोन विषय तिथे चालतील. पण ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि बायोकेमिस्ट्री चार वर्षांच्या विद्यापीठातच कर, काही मेडिकल कॉलेजं ते बघतात. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लॅबसकट हवं. इंग्रजी, सायकॉलॉजी, सोशिऑलॉजीला कमी लेखू नकोस. एमकॅट या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या चार भागांपैकी एक सायकॉलॉजी-सोशिऑलॉजीचा आणि एक निव्वळ उताऱ्यांचा आहे.

आता मुख्य अडचण. एच-४ वर शिकता येतं, एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावाच लागतो असं नाही. पण मेडिकलच्या प्रवेशात ग्रीन कार्ड नसलेल्यांना परदेशी विद्यार्थी धरतात आणि कित्येक कॉलेजं असे अर्ज घेतच नाहीत. फेडरल कर्जही मिळत नाही. काही ठिकाणी पुढच्या वर्षांची फी आधीच बाजूला ठेवलेली दाखवावी लागते. ग्रीन कार्डची रांग केवढी आहे ते तुला ठाऊकच आहे. म्हणून पोस्ट-बॅकवर डॉलर घालण्याआधी एमएसएआर या एएएमसीच्या मेडिकल कॉलेजांच्या ऑनलाइन माहितीचं सबस्क्रिप्शन घे, प्रत्येक कॉलेजचे नियम तिथे असतात. त्यातून परदेशी विद्यार्थी घेणारी कॉलेजं काढ आणि प्रत्येकाला ईमेल कर: "माझी पदवी भारतातली आहे, व्हिसा एच-४ आहे. तुम्हाला इथली किती क्रेडिट्स लागतात? कम्युनिटी कॉलेजची चालतात का?" उत्तरं जपून ठेव. नुसत्या फोनवरच्या शब्दावर विसंबू नकोस.

निघण्याआधी विद्यापीठातून सीलबंद ट्रान्सक्रिप्टच्या चार-पाच प्रती आणि शिक्का मारलेला तिन्ही वर्षांचा सिलॅबस घे, प्रॅक्टिकलच्या तासांसकट. इथून ते मागवायला फार यातायात पडते.