जावाची क्रिस: देव ओळखीचे, भाता तिथला

प्रश्न : इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या क्रिस या कट्यारीच्या पात्यावर नाग असतो, जुन्या मुठींवर राक्षस दिसतात. मग ही मूळची भारतीय कट्यारच म्हणायची ना? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नाही, तसं म्हणता येणार नाही. जावात गणपती, भीम दिसले की ‘हे सगळं आपलंच’ असं आपण पटकन म्हणून मोकळे होतो. मला ते खटकतं, कारण त्या घाईत जावानी लोहाराची करामत बघायची राहून जाते.

मध्य जावात लावू पर्वताच्या उतारावर 15व्या शतकातलं सुकुह मंदिर आहे. तिथे दगडात एक लोहारशाळाच कोरली आहे. डावीकडे भीम पातं घडवतोय, मधे गणपती चक्क नाचतोय आणि उजवीकडे अर्जुन भाता चालवतोय. तो भाता नीट बघा. आपल्याकडच्यासारखा कातडी नाही. दोन उभी नळकांडी आणि दोन्ही हातांनी आळीपाळीने वरखाली करायचे दट्टे. हा भाता आग्नेय आशियातला. महाभारत समुद्र ओलांडून आलं, पण भट्टी जावाचीच राहिली.

पातंही तसंच. बुडाशी ते एका अंगाला जास्त पसरतं, आणि नागमोडी असेल तर वळणं विषमच असतात. साधं लोखंड आणि निकेलयुक्त लोखंड यांचे थर एकत्र ठोकतात. मग लिंबाचा रस आणि सोमल (आर्सेनिक) लावला की साधं लोखंड काळं पडतं, निकेलची नक्षी रुपेरी उठते. हिला ‘पामोर’ म्हणतात. मध्य जावात प्रंबानन या गावाजवळ पडलेल्या उल्केचं लोखंड यासाठी तिथल्याच सुराकार्ता शहराच्या राजवाड्यात जपून वापरलं गेलं. पुढे युरोपातून आलेलं निकेलही चाललं.

बाहेरून आलेलं बरंच काही मुठीवर आणि सजावटीत दिसतं. इस्लाम रुजल्यावर मध्य जावातल्या मुठींवरची आकृती गुळगुळीत होत गेली, कोरीव नक्षीचे दोन छोटे तुकडे तेवढे उरले. काही पात्यांच्या बुडाशी बसलेला सिंह चिनी देवळांच्या दारातला शोभावा असा आहे. मदुरा बेटावरच्या हस्तिदंती मुठींवर तर युरोपीय मुकुट आणि पंखांचा घोडा फुलापानांत गुंफलेले असतात. काही जाणकार त्यांना बाटलेली कला म्हणतात. मला मात्र त्या फार आवडतात. परका मुकुट इतक्या हौसेने आपल्या वेलबुट्टीत बसवायला हातात मोठी ताकद लागते.