मॅरेथॉनच्या दिवशी पाऊस आणि गार वारा असेल तर धावावं का?

विजा कडाडत नसतील आणि तयारी असेल तर जरूर धावा, पण ठरवलेल्या वेळेचा हट्ट सोडा. २०१८ ची बोस्टन मॅरेथॉन धो धो पावसात आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यात झाली. महिलांमध्ये डेझिरे लिंडेन २:३९:५४ मध्ये जिंकली, म्हणजे तिच्या नेहमीच्या वेळेपेक्षा बरीच हळू.

खरा धोका ओलं होण्यात नाही, ओल्या अंगावरून वाहणाऱ्या वाऱ्यात आहे. ओलं कापड अंगातली ऊब झपाट्याने ओढून घेतं. धावताना ते जाणवत नाही. दमून चालायला लागलात की हुडहुडी भरते. म्हणून सुती टी-शर्ट नकोच. सुरुवातीपर्यंत प्लास्टिकची मोठी पिशवी अंगावर घ्या, टोपी घाला, मांड्या-काखांना व्हॅसलिन चोळा. थोडं थोडं पाणी पीत राहा.

थरथर थांबेना, बोलताना जीभ अडखळू लागली तर तिथेच थांबून मदत मागा, अगदी शेवटचा किलोमीटर उरला असला तरी. मे २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतातल्या १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक हवा बिघडली आणि २१ धावपटू दगावले.

शर्यत संपल्यावर लगेच बदलायला कोरडे कपडे हाताशी ठेवा.