शरीराचा आपोआप चालणारा कारभार : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे आहेत. पहाटे धार काढायला अंथरुणावरून उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते, भिंत धरावी लागते. दवाखान्यात बीपी मात्र ठीकच निघतं. बीपीची आणि प्रोस्टेटची गोळी चालू आहे.
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : दवाखान्यात बीपी बसवून मोजतात आणि वडिलांना त्रास होतो तो उभं राहताना. मग तो तिथे सापडणार कसा?

उभं राहिलं की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, दाब घसरू लागतो. मानेतल्या कॅरोटिड धमनीत, ती दुभंगते तिथे, आणि महाधमनीच्या कमानीत ताण ओळखणारी चेताग्रं असतात. त्यांचे संदेश विरळ झाले की लंबमज्जेला (मेंदूच्या बुडाशी असलेल्या भागाला) खबर लागते. मग व्हेगस चेतेने हृदयाला घातलेला लगाम सैल होतो आणि अनुकंपी (सिम्पथेटिक) चेता रक्तवाहिन्या आवळतात. नाडी लगेच वाढते. वाहिन्या आवळायला काही सेकंद जातात.

वयाने आणि जुन्या मधुमेहाने ही साखळी मंदावते. शिवाय टॅमसुलोसिनसारख्या प्रोस्टेटच्या गोळ्या अनुकंपी चेतांचा संदेश घेणारे अल्फा ग्राहकच अडवतात. ते प्रामुख्याने प्रोस्टेटमधले असले, तरी थोडा परिणाम रक्तवाहिन्यांवरही होतो. हुकूम सुटतो, पण वाहिनी तो पुरता पाळत नाही.

घरीच मोजा. ५ मिनिटं आडवं झोपवून बीपी आणि नाडी लिहून घ्या. मग उभं करून १ मिनिटाने आणि ३ मिनिटांनी पुन्हा मोजा. दंड हृदयाच्या पातळीवर टेकलेला हवा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर तो कागद डॉक्टरांना दाखवा. नाडीही महत्त्वाची. दाब बराच पडूनही नाडी जेमतेम हलली तर चेतांवर संशय जातो. नाडी खूप वाढली तर शरीरात पाणी किंवा रक्त कमी असण्याची शक्यता जास्त. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका, वेळ बदलूनही कधीकधी काम भागतं.

तोवर उठण्याआधी मोठा पेलाभर पाणी प्यावं (हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर आधी विचारून), पावलं वीसेक वेळा वरखाली हलवावीत आणि काठावर २ मिनिटं बसावं. चक्कर येऊन पडलेच, तर उचलून बसवू नका. आडवंच ठेवून पाय उंच करा. नाकाला कांदा लावायची घाई तर मुळीच नको.

प्रश्न : दवात भिजलेल्या तंबाखूत काम केलं की संध्याकाळी मळमळ, घाम, डोकेदुखी. फवारणीचं औषध बाधलं असेल का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : फवारणी झाली नसेल तर निकोटिनच बाधलं असण्याची शक्यता जास्त. पानावरच्या पाण्यात ते विरघळतं आणि ओल्या कपड्यांतून कातडीत शिरतं. अनुकंपी आणि परानुकंपी (व्हेगससारख्या चेतांचा, शांतवणारा), दोन्ही मार्गांवर चेतांचा जोड बदलतो त्या गंडिकांमधले ग्राहक निकोटिनला प्रतिसाद देतात. १८८९ मध्ये केंब्रिजच्या लँगली आणि डिकिन्सन यांनी गंडिकांना निकोटिनच लावून हे जोड शोधले होते. दोन्ही पक्ष एकदम चाळवले जातात म्हणून लक्षणं उलटसुलट दिसतात: नाडी आधी वाढते, मात्रा जास्त झाली तर उतरते.

पान वाळल्यावर शेतात उतरा. शेंडे खुडताना रबरी हातमोजे घाला, भिजलेले कपडे लगेच बदला, साबणाने अंग धुवा. त्रास बहुधा दिवसभरात ओसरतो. पण डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, लाळ गळू लागली, छातीत घरघर सुरू झाली तर ते कीटकनाशक समजा. औषधाचा डबा सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा.

प्रश्न : गुडघ्यावर मारलं तरी माझा पाय उडत नाही. असं का?
– दहावीचा विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : हाडावर मारत असशील. वाटीच्या खाली मऊ लागतो तो स्नायुबंध. पाय लोंबकळत ठेवून तळहाताच्या कडेने तिथे टिचकी दे. मांडीचा पुढचा स्नायू ताणला जातो, संदेश कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या चेतांमार्फत मेरुरज्जूत शिरतो आणि एकाच जोडावरून परत फिरतो. मेंदूला विचारायची गरज नाही. तरी त्याचा दाब वरून असतोच, म्हणून लक्ष देऊन बसलं की पाय अडतो. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढ आणि त्याच क्षणी मित्राला टिचकी मारायला सांग. तरीही न उडणारा पाय काही निरोगी माणसांतही असतो. दोन पायांत स्पष्ट फरक दिसला, तर मात्र डॉक्टरांना दाखव.