क्वीनची पहिली ओळख: वाचक विचारतात

प्रश्न: इंग्रज चाहत्यांच्या आठवणींत क्वीन या ब्रिटिश रॉक बँडची पहिली ओळख करून देणारं गाणं प्रत्येकाचं वेगळं असतं. ‘बोहेमियन रॅप्सडी’ या गाजलेल्या गाण्याच्या आधी या बँडला कुणी ओळखत होतं का? (वाचक, ठाणे)

उत्तर: चांगलंच ओळखत होते. पहिला अल्बम जुलै 1973 मध्ये आला. त्यातलं ‘कीप युवरसेल्फ अलाइव्ह’ हे सिंगल (सुटं विकलेलं गाणं) ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत शिरलंसुद्धा नाही. पण बीबीसीच्या ‘ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट’ या कार्यक्रमाकडे त्याची कोऱ्या लेबलची, नाव नसलेली तबकडी पोचली होती. त्यांनी एका जुन्या चित्रफितीवर ते गाणं चढवून दाखवलं. म्हणजे अगदी सुरुवातीच्या काही चाहत्यांनी बँडचं नाव कळण्याआधी गिटार ऐकली! त्याच वर्षी क्वीन ‘मॉट द हूपल’ या बँडच्या ब्रिटन दौऱ्यात आधी वाजवणारा बँड म्हणून फिरला. गावोगावच्या सभागृहांत पाहिल्याचं सांगणारे लोक बहुधा या दौऱ्यातले.

खरा टप्पा फेब्रुवारी 1974 चा. ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या बीबीसीच्या टीव्ही कार्यक्रमात गायक डेव्हिड बोवीची चित्रफीत ऐनवेळी मिळाली नाही आणि ती जागा क्वीनला मिळाली. गाणं होतं ‘सेव्हन सीज ऑफ राय’. ते दहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. त्याच वर्षी ‘किलर क्वीन’ दुसऱ्या क्रमांकावर पोचलं. त्यामुळे 1974 मध्ये शाळेत असलेला इंग्रज चाहता बहुतेक वेळा या दोनपैकी एकाचं नाव घेतो.

‘बोहेमियन रॅप्सडी’ ऑक्टोबर 1975 अखेरची. 5 मिनिटं 55 सेकंदांचं गाणं रेडिओवर वाजवायला कुणी धजत नव्हतं. लंडनच्या कॅपिटल रेडिओचा निवेदक केनी एव्हरेट याने ते एका शनिवार-रविवारात 14 वेळा वाजवलं असं सांगतात. पुढे ते नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

देश बदलला की उत्तरही बदलतं. जपानमध्ये संगीत मासिकांतली छायाचित्रं आधी पोचली होती. एप्रिल 1975 मध्ये बँड तोक्योच्या हानेदा विमानतळावर उतरला तेव्हा गर्दी आवरेना. अमेरिकेत 1980 साली ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ पहिल्या क्रमांकावर गेलं. तिथल्या त्यापुढच्या पिढीला ‘बोहेमियन रॅप्सडी’ कळली ती 1992 च्या ‘वेन्स वर्ल्ड’ चित्रपटातल्या मोटारीच्या प्रसंगामुळे. गाणं तेव्हा तिथे दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. जुलै 1985 च्या ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीच्या मैफलीतल्या वीसेक मिनिटांनी तर जगभरातून चाहते जोडले.

आठवणी गोळा करत असाल तर नुसतं ‘कोणत्या साली?’ विचारू नका. साल सगळ्यांत आधी विसरतं. गाणं कोणतं, ते रेडिओवर ऐकलं, टीव्हीवर की रेकॉर्डवर, आणि रेकॉर्ड कुणाची होती, हे विचारा; साल त्यावरून काढता येतं. ‘बोहेमियन रॅप्सडीचा व्हिडिओ 1975 मध्ये एमटीव्हीवर पाहिला’ असं कुणी सांगितलं तर लिहून घ्या, पण पुढे खूण करा: एमटीव्ही सुरू झालं ऑगस्ट 1981 मध्ये.

प्रश्न: क्वीनच्या निवडक गाण्यांचं ‘ग्रेटेस्ट हिट्स’ पाठ झालं. पुढे काय ऐकू? अल्बम लावले की मधेमधे नुसता गोंगाट वाटतो. (वाचक, नागपूर)

उत्तर: आधी ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’ (1975), मग ‘शीअर हार्ट अटॅक’ (1974), मग ‘क्वीन 2’ (1974). शेवटचा आमच्या मते सगळ्यांत श्रीमंत अल्बम, पण पहिल्याच फटक्यात तो अंगावर येतो. त्याच्या तबकडीच्या बाजूंना ए-बी नाही, पांढरी आणि काळी म्हणतात. काळ्या बाजूची सगळी गाणी बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याने लिहिलेली. ‘हॉट स्पेस’ (1982) शेवटी ठेवा.

दोन ठिकाणी लोक फसतात. ‘शीअर हार्ट अटॅक’ नावाचं गाणं त्या नावाच्या अल्बमवर नाही, ते 1977 च्या ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’वर आहे. आणि ‘सेव्हन सीज ऑफ राय’ पहिल्या अल्बमवर सापडतं ते छोटं, बिनशब्दांचं. पूर्ण गाणं ‘क्वीन 2’च्या शेवटी.

गोंगाटाचं कारण बहुधा तुमचा स्पीकर. या बँडने आवाजावर आवाज चढवले आणि ते डाव्या-उजव्या बाजूंना वाटून दिले. एकच ब्लूटूथ डबा दोन्ही बाजू एकत्र करतो आणि सगळं एकमेकांवर आदळतं. दोन्ही कानांत हेडफोन घाला, फोनच्या सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ सुरू असेल तर बंद करा. मग ‘द प्रॉफेट्स साँग’ लावा. मधल्या भागात मर्क्युरीची एकच ओळ टेपच्या विलंबाने पुन्हा येते आणि त्याच्या स्वतःच्या आवाजाशी जोडी जमवते. आवाज दोन्ही बाजूंना फिरताना ऐकू आला तर यंत्रणा ठीक आहे. डावं-उजवं उलट तर नाही ना, तेही एकदा तपासा.

प्रश्न: क्वीनची सुरुवात पाचगणीत झाली हे खरं का? (वाचक, वाई)

उत्तर: नाही. फ्रेडी बलसारा, म्हणजे पुढचा फ्रेडी मर्क्युरी, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथे ‘द हेक्टिक्स’ या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवायचा, एवढं खरं. क्वीन 1970 साली लंडनमध्ये उभा राहिला.

प्रश्न: क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे नाण्याने गिटार वाजवतो. आपलं नाणं चालेल का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर: तो ब्रिटनचं जुनं सहा पेन्सचं नाणं वापरतो, व्यास सुमारे 19.4 मिमी. आपलं जुनं 25 पैशांचं नाणं 19 मिमीचं, म्हणजे मापात जवळपास तेच. मात्र तांबं-निकेलचं, कडेला खाचा असलेलं शोधा. चुंबक लावून पाहा: चिकटलं तर ते बहुधा पुढच्या काळातलं स्टीलचं, ते तारा लवकर खातं.

प्लास्टिकचं पिक (तार छेडायची चकती) वाकतं, नाणं वाकत नाही, त्यामुळे तारेचा धक्का थेट बोटांपर्यंत येतो. म्हणून पकड ढिली हवी. घट्ट धरलं तर नाणं तारेत अडकतं आणि पहिली बारीक तार तुटते. बोटांबाहेर दोन-तीन मिमीच कड ठेवा. नाणं तारेला समांतर धरलं तर स्वर मऊ येतो. किंचित तिरपं केलं की खाचा घासून त्याची ती खरखर मिळते. गुंडाळलेल्या जाड तारा लवकर झिजतात, नायलॉनच्या तारांवर तर नाणं लावूच नका.

निव्वळ नाण्याने तो आवाज येईल असं मात्र नाही. 1963 पासून वडिलांबरोबर घरी बनवलेल्या त्याच्या गिटारीची दांडी जुन्या शेकोटीच्या महोगनी लाकडाची आहे. तारांची लांबी 24 इंच, म्हणजे फेंडर कंपनीच्या स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर) गिटारपेक्षा दीड इंच कमी, त्यामुळे त्याच स्वराला तार सैल राहते. शिवाय पुढे ट्रेबल बूस्टर (वरचे स्वर उठावदार करणारी डबी) आणि आवाज पूर्ण उघडलेला व्हॉक्स एसी30 अ‍ॅम्प्लिफायर. तुमची गिटार स्ट्रॅट असेल तर 0.009 इंचाचा हलका तारसंच लावा, आधी बूस्टर घ्या, आणि ड्राइव्ह (आवाज फाटवण्याचं बटण) वाढवण्याऐवजी गिटारवरचा व्हॉल्यूम कमी-जास्त करत आवाज शोधा.