श्वाबियातल्या खेड्यात दिवसभर करायचं काय?

नवऱ्याला जर्मनीत श्टुटगार्टजवळ नोकरी लागली आहे, शहरातलं भाडं परवडत नाही म्हणून बाहेरच्या खेड्यात घर बघताय, आणि पुण्यातली नोकरी सोडून आलेलं माणूस अशा गावात दिवसभर करणार काय, असं तुम्ही विचारलंय. मी त्याच भागात, म्हणजे श्वाबियात, श्वेबिश आल्ब डोंगराच्या पायथ्याशी अशाच एका गावात राहते. तुम्हाला इथे करमेल का, हे माझ्या मते एकाच गोष्टीवर ठरेल: गावच्या कामात हात घालायची तयारी आहे का. इथे ओळखी गप्पांतून होत नाहीत, कामातून होतात. रस्त्यात नुसतं ‘ग्र्यूस गॉट’ (इथला नमस्कार) म्हणत राहिलात, तर तेवढंच परत ऐकू येईल.

परवाचा गुरुवार घ्या. सकाळी मी शेजारच्या गावी टाफेलमध्ये गेले. १९९३ साली बर्लिनमध्ये सुरू झालेलं हे काम आता देशभर चालतं. दुकानांत न खपलेलं पण खाण्याजोगं अन्न गोळा करायचं आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना थोडक्या पैशांत द्यायचं. माझ्याकडे भाजी निवडणं असतं, ते आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. बरोबरच्या बहुतेक बायका निवृत्त, बोलतात श्वेबिश बोली, त्यामुळे वर्गात शिकलेलं जर्मन सुरुवातीला फारसं उपयोगी पडत नाही. पण हात चालू असले की न कळलेलं वाक्य पुन्हा विचारायला संकोच वाटत नाही. मुलांबरोबरचं काम हवं असेल, म्हणजे शाळेत वाचून घेणं वगैरे, तर चारित्र्याचा दाखला लागतो. संस्थेचं पत्र घेऊन तो गावच्या राटहाउसमध्ये, म्हणजे नगरपालिकेच्या कचेरीत, मागायचा.

हे नोकरीऐवजी मात्र समजू नका. जोडीदार म्हणून मिळणाऱ्या राहण्याच्या परवान्यावर नोकरीची पूर्ण मुभा असते. अर्ज पाठवत राहा.

दुपार घराची. भाड्याचं घर इथे बऱ्याचदा स्वयंपाकघराशिवाय मिळतं: ओटा नाही, कपाटं नाहीत, छतातून दिव्यांच्या वायरी लोंबतायत. कारागीर महाग, आणि वेळ देणार पुढच्या महिन्यातली, म्हणून सगळे स्वतःच करतात. जुन्या घरांच्या भिंतींवर लाकडाच्या भुश्शाचा खरबरीत कागद असतो, त्यावर रंगाचे थरावर थर. तो वाफेने ओला करून खरवडणं हा माझा सध्याचा उद्योग. वाफेचं यंत्र शेजारच्या आजोबांचं. परत देताना स्वच्छ पुसून द्यायचं, ते तपासतात! शेगडीचं कनेक्शन आणि फ्यूजबॉक्स मात्र परवानाधारक वायरमनवर सोडा.

आवाजाचं नीट ऐका. राहत्या वस्तीत गवत कापायचं यंत्र रात्री ८ ते सकाळी ७ आणि रविवारी-सणावारी अजिबात चालवता येत नाही, हा देशभरचा नियम आहे. रविवारची विश्रांती तर राज्यघटनेतच लिहिलेली आहे. त्या दिवशी ड्रिल लावलंत तर शेजारी पहिल्यांदा येऊन सौम्यपणे सांगतील. दुसऱ्या वेळी थेट घरमालकाचा फोन. कुंपणाची झुडपं १ मार्च ते ३० सप्टेंबर बुंध्यापासून छाटायला बंदी आहे, पक्ष्यांच्या घरट्यांसाठी. वरवरची छाटणी चालते.

चारनंतर आजोबांच्या सफरचंदांकडे. गवताळ माळावरची जुनी, उंच झाडं ही या भागाची ओळख. फळं वेडीवाकडी, आंबट, बाजारात कुणी घेणार नाही अशी. पोती भरून गावच्या घाण्यावर न्यायची. आपल्याच फळांचा रस तापवून, तोटीच्या पिशवीत भरून मिळतो. पोती उचलायला गेलात की पुढच्या वर्षी बोलावणं ठरलेलं.

नवऱ्याला अग्निशमन दलात जायला सांगा. इथे ११२ हा आणीबाणीचा नंबर फिरवल्यावर धावून येणारे बहुतेक स्वयंसेवकच असतात. पेजर वाजला की सुतार काम टाकून निघतो. आग रोज लागत नाही, पण सराव, गावजत्रा, तंबू ठोकणं चालूच असतं. जत्रेत शाकाहारी असाल तर बटाट्याच्या सॅलडबद्दल आधी विचारा, श्वाबियात त्यात बऱ्याचदा मांसाचं सूप घालतात. अंडं खात असाल तर चीज घातलेलं श्पेट्झलं, म्हणजे अंडं घालून केलेल्या जाड शेवया, चालेल.

घर बघायला जाल तेव्हा चार गोष्टी तिथेच विचारून घ्या. स्वयंपाकघर आहे का; केरवोखची, म्हणजे जिना आणि पदपथ झाडायची पाळी कशी लावतात; हिवाळ्यात दारापुढचं बर्फ सकाळी कितीच्या आत काढायचं; रविवारी बस आहे का. नसली तर गाडी आलीच. भारतीय परवाना इथे राहायला आल्यापासून ६ महिनेच चालतो, पुढे लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. पुण्यात गाडी चालवत असाल तर सराव सोडू नका, मात्र उजव्या बाजूने चालवायची सवय इथे येऊनच लागेल.