आळी, पाळी आणि शेजपाळी

तासगावच्या एक वाचक भगिनी लिहितात : ‘बायकांच्या एका शिबिरात सांगितलं, की मासिक पाळीत चार दिवस नियम पाळायचे म्हणून तिला पाळी म्हणतात. तेव्हा तो शब्द टाकून द्यावा, ऋतुचक्र म्हणावं आणि शरीराच्या चार ऋतूंप्रमाणे कामं वाटून घ्यावीत. हे बरोबर आहे का?’

नाही. पाळी ‘पाळण्या’तून आलेली नाही. हे मी आता किमान दहाव्यांदा सांगते आहे. शिबिरात सांगतात, प्रवचनात सांगतात, मध्यंतरी एका दैनिकाच्या रविवार पुरवणीतही हेच छापून आलं आणि मला अक्षरशः संताप आला. ‘पाळणे’चं नाम करायचं तर पाळणूक होतं. आणि मग रातपाळीचं काय? किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात लोक पिढ्यान्‌पिढ्या पहिल्या पाळीला, दुसऱ्या पाळीला गेले, ते काय सोवळंओवळं पाळायला? ‘आता बोलायची पाळी तुझी’ म्हणताना कोण काय पाळतं? एका अर्थावरून व्युत्पत्ती रचायची आणि शब्दाचे बाकीचे अर्थ दाराबाहेर बसवायचे, हा अन्याय आहे.

मूळ शब्द संस्कृत ‘पालि’. अर्थ कड, आणि ओळ किंवा रांग. कड हा अर्थ कानाच्या पाळीत शिल्लक आहे. सुश्रुताने कान टोचण्याच्या आणि तुटलेला कान सांधण्याच्या प्रकरणात जिला कर्णपाली म्हटलं, तीच ही. पाली भाषेच्या नावाचा उलगडाही बरेच अभ्यासक ग्रंथातल्या ‘ओळी’वरून करतात. आपल्याला हवा आहे तो रांगेचा अर्थ, आणि त्याचा साक्षीदार आहे ‘आळीपाळीने’. माझा फार लाडका शब्द. आळी म्हणजे ओळ, घरांची रांग. वाईला, साताऱ्याला आपण अजून आळीतच राहतो. पाळी म्हणजेही ओळ. बाजारहाट, कामधंदा यांत जसे एकाच अर्थाचे दोन शब्द हातात हात घालून येतात, तशी ही जोडी. ओळीने, ओळीने : म्हणून एकामागून एक.

आता जागेतली ओळ काळातली खेप कशी झाली? याचं उत्तर पंडित मंडळी ‘अर्थविस्तार’ या एका शब्दात उरकतात. मला ते मुळीच पटत नाही. विस्तार कुठेतरी, कुणाच्या तरी तोंडी होतो. माझ्या मते हा रानात झाला. ‘कुळवाच्या दोन पाळ्या दिल्या’ म्हणतो तेव्हा कुळव ओळीओळीने सगळं रान फिरून पुन्हा पहिल्या बांधाशी आलेला असतो. ओळी संपल्या की एक खेप झाली. पाटाच्या पाण्यात तर हे लख्ख दिसतं. कालव्यावरच्या पाणीवाटपाची आपल्या महाराष्ट्रातली जुनी पद्धत, तिचं नावच शेजपाळी. टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या शेतापासून सुरुवात करायची आणि शेताला शेत लागून हेडकडे, म्हणजे पाटाच्या तोंडाकडे यायचं. खालच्याचं भिजलं की वरच्याचं दार उघडायचं. पूर्ण फेरीला पाटबंधारे खातं ‘आवर्तन’ म्हणतं, बांधावरचा माणूस पाळी म्हणतो. जमिनीवरची रांग हीच इथे काळातला क्रम आहे. याहून स्वच्छ पुरावा मला दुसरा माहीत नाही.

माझ्या आत्याचं रान कराडच्या खाली, कृष्णेच्या कालव्यावर. एका मार्चमध्ये पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी सोडणारा माणूस, सांगून गेला, ‘आक्का, पाळी लांबलीया, चार-पाच रोज थांबा.’ उसाची पानं दुपारी सुरळी व्हायला लागली होती. आत्या खोरं टेकवून बांधावर बसली. शेजारी मी, दहावीच्या परीक्षेच्या धास्तीने वाळलेली. माझ्याकडं बघून म्हणाली, ‘तुजी बी लांबलीया न्हवं? यील. पाणी कवा ठरल्या दिशी आलंय? खालच्याचं भिजलं की आपल्याकडं येतंयच.’

त्या दिवसापासून मी क्रियापदं ऐकत आले आहे. पाळी येते, चुकते, लांबते, आठ दिवस आधीच येते. पाण्याची आणि बाईची, दोन्ही पाळ्यांना क्रियापदं तीच. ज्या बायका रानात पाणी पाजायला दारं धरत होत्या, त्यांनी आपल्या अंगातल्या घडामोडीला आपल्याच रानातला शब्द दिला, असं मी मानते. शुद्धतेच्या नावाखाली तो काढून टाकायला निघालेल्यांनी हे आधी ऐकावं. शिवाय शब्द शास्त्रालाही धरून आहे. शेजपाळीत क्रम पक्का असतो, तारीख मागेपुढे होते. प्रौढ बाईची पाळी साधारण 21 ते 35 दिवसांनी आली तर डॉक्टर ती नियमितच धरतात. 28 ही फक्त मधली, सोयीची संख्या, पण तिच्यावरून एकेक दिवस मोजत जीव टांगणीला लावणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. ‘मासिक’ हा शब्द चंद्राच्या 29.5 दिवसांच्या महिन्याचा हिशेब मागतो. नुसती पाळी तसा काही मागत नाही.

तुम्ही ऋतुचक्राचं विचारलं होतं. तोही शब्द चांगलाच आहे. ‘ऋ’ या गत्यर्थी धातूपासून ऋत, ऋतू. ऋतू म्हणजे नेमलेली, योग्य वेळ. वसंत, ग्रीष्म ही त्या वेळेचीच उदाहरणं. बाईच्या बाबतीत जुन्या ग्रंथांत ऋतू म्हणजे केवळ स्रावाचे दिवस नव्हेत, तर गर्भधारणेला योग्य काळ. सुश्रुताच्या मते 12 रात्री, मनुस्मृतीच्या मते 16. प्रत्यक्ष रक्ताला शब्द आहे आर्तव, आणि तो ऋतूवरूनच आलेला. पण चार ऋतू? आपल्याकडे पोथीत सहा आहेत आणि रानात तीन. चार कुठून आणले ते शिबिरवाल्यांनी सांगावं. पाळीच्या दिवसांत ‘आत हिवाळा चालू आहे’ म्हटल्याने एखाद्या बाईला दोन दिवस हंडे-कळश्यांतून सुटका मिळणार असेल, तर ती उपमा खुशाल वापरा, माझा पाठिंबा आहे. फक्त शरीरशास्त्र म्हणून ती शिकवू नका.

आणि तुम्ही पाठवलेल्या पत्रकाच्या फोटोत मोठ्या अक्षरांत ‘ऋतूचक्र’ छापलं आहे. ऋतू एकटा असताना दीर्घ, समासात ऱ्हस्व : ऋतुचक्र, ऋतुस्राव, ऋतुनिवृत्ती. पुढच्या छपाईआधी त्यांना तेवढं कळवा.