मुलांसोबत घरातल्याच वस्तू वापरून भेटवस्तूंसाठी कागद कसा तयार करावा?

आपला प्रश्न असा आहे की, दिवाळीत नातेवाइकांना द्यायची पुस्तके आणि लहान खोकी बाजारच्या चकचकीत कागदात गुंडाळायची नाहीत, तर चार आणि आठ वर्षांच्या दोन मुलांना सोबत घेऊन घरातल्याच वस्तूंनी तसा कागद करता येईल का. मी प्राथमिक शाळेत चित्रकला शिकवते आणि दिवाळीपूर्वी हे काम मुलांकडून आवर्जून करून घेते. कागद निश्चित करता येतो आणि देखणाही होतो. फक्त मुलांनी कागदावर चित्र काढावे हा आग्रह सोडून त्यांना ठसे उमटवू द्यावेत. चित्र खोक्याच्या कडांवर दुमडले की तुटते, नक्षी मात्र कुठूनही दुमडली तरी नक्षीच राहते, कारण तिच्यात एकच आकार पुन्हा पुन्हा येतो. आणि एकच कृती पुन्हा पुन्हा करणे हे चार वर्षांच्या मुलाला मनापासून आवडते.

सुरुवात कागदापासून करावी. शाळेच्या वह्यापुस्तकांना कव्हर घालायला आणलेला खाकी कागद या कामाला सर्वांत चांगला, पण त्याची एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी खरखरीत असते, तेव्हा ठसे खरखरीत बाजूवर उमटवावेत. हल्ली प्लॅस्टिकचा थर दिलेला खाकी कागदही मिळतो आणि त्यावर पाण्यात मिसळणारा रंग बसत नाही. कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा, तो मुरला तर कागद उपयोगाचा आहे. भिंतीवरच्या मोठ्या कॅलेंडरची कोरी मागची बाजू किंवा नव्या शर्टाच्या खोक्यातला पातळ कागदही चालतो. वर्तमानपत्रावर गडद रंगाचे मोठे ठसे छान दिसतात, मात्र आपल्या भेटींमध्ये फराळाचे पदार्थ असतील तर ते वर्तमानपत्रात थेट बांधू नयेत. छपाईची शाई अन्नात उतरू शकते, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांनीही अन्न वर्तमानपत्रात बांधण्यास मनाई केलेली आहे.

यानंतर रंगाची गादी करावी, आणि माझ्या मते साऱ्या कामात याच गोष्टीला सर्वाधिक महत्त्व आहे. मुलांपुढे रंगाची वाटी ठेवली की ती ठसा त्यात पूर्ण बुडवतात, कागदावर रंगाचे थारोळे होते, आकार दिसत नाही आणि मग मोठी माणसे मुलांना बोलतात. कापडावर ठसे छापणारे कारागीर रंगाच्या तबकात कापडाच्या घड्या ठेवून त्यांवर ठसा टेकवतात, तसेच आपणही करावे. पसरट ताटलीत जुन्या सुती कापडाची चार-पाच पदरी घडी ठेवून तिच्यावर पोस्टर कलर थोड्या पाण्यात कालवून ओतावा आणि चमच्याने दाबून जिरवावा. कापड ओले असावे, पण त्यावर रंग साचलेला नसावा. पहिल्या बैठकीला दोन रंग पुरेत. खाकीवर पांढरा आणि गेरूचा तांबडा हे दोन रंग फार खुलतात; गेरूची पूड घरात असेल तर ती पाण्यात कालवताना थोडा डिंक किंवा फेव्हिकॉल घालावा, नाहीतर वाळल्यावर ती हाताला लागते. चुना आणि रांगोळी मात्र वापरू नये, कारण चुना मुलांच्या डोळ्यांना आणि त्वचेला अपाय करतो आणि रांगोळी कागदावर टिकत नाही.

ठशांसाठी स्वयंपाकघरात भरपूर साहित्य सापडते. अन्नाशी खेळू नये असे आपल्याकडे मुलांना शिकवतात आणि ते मलाही मान्य आहे, म्हणून भाजी चिरताना जे टाकून द्यायचे तेच बाजूला काढावे. भेंडीचा देठाकडचा तुकडा आडवा कापला की बहुधा पाच पाकळ्यांचे फूल उमटते. त्यासाठी जून, निबर भेंडी कोवळ्या भेंडीपेक्षा चांगली, कारण ती दाबल्यावर चपटी होत नाही. कांद्याच्या बुडख्याची वर्तुळे येतात, पालकाच्या जुडीचा मुळाकडचा भाग सरळ कापला की गुलाबासारखा आकार मिळतो. माझा सर्वांत आवडता ठसा केळीच्या पानाच्या देठाचा आहे. तो देठ आडवा कापला की चंद्रकोरीच्या आकारात हवेच्या कप्प्यांची जाळी दिसते आणि ती कागदावर जशीच्या तशी उमटते. नैवेद्याला पान आणले असेल तेव्हा देठ जपून ठेवावा. अळूचा देठ दिसायला मोहक असला तरी त्याच्या रसाने खाज सुटते, तो मुलांच्या हाती देऊ नये.

बटाट्याचा ठसा सर्वांना माहीत असतो, तरी तो पुष्कळदा फसतो, कारण कापलेल्या बटाट्याला पाणी सुटते आणि रंग पातळ होतो. कापलेली बाजू दहा मिनिटे कोरड्या कापडावर पालथी ठेवून पुसून घ्यावी, आकार मोठ्या माणसाने कोरून द्यावा आणि तो साधा असावा: चौकट, त्रिकोण, पणती, कोयरी. अक्षर कोरायचे असेल तर ते उलटे कोरावे लागते, हे आठ वर्षांच्या मुलाला आरशासमोर अक्षर धरून दाखवले की लगेच उमगते, आणि पुढे ते स्वतःच कोणते अक्षर उलटे कसे दिसेल याचा विचार करू लागते.

भाज्यांखेरीज बाटल्यांची झाकणे, पेन्सिलीच्या मागचे खोडरबर, दोऱ्याची रिकामी रिळे आणि काट्याचमच्याचे दाते यांचेही उत्तम ठसे येतात. फॉइल संपल्यावर उरलेल्या पुठ्ठ्याच्या नळीवर सुतळी आडवीतिडवी गुंडाळून तिची टोके चिकटवावीत, ही नळी रंगाच्या गादीवर फिरवून कागदावर लाटण्यासारखी लाटली की मोठा कागद क्षणात भरतो, आणि धाकट्या मुलाचा हात दुखू लागला असेल तेव्हा हा उपाय फार कामी येतो. पानांचा उपयोग दोन तऱ्हांनी होतो. पेरूच्या पानाच्या मागच्या बाजूला शिरा उठावदार असतात, त्या बाजूला रंग लावून पान कागदावर दाबले की सगळी जाळी उमटते. आणि शेवग्याची किंवा कढीपत्त्याची डहाळी कागदावर ठेवून जुन्या टूथब्रशने रंग शिंपडला की डहाळी उचलल्यावर तिचा आकार कोरा राहतो. शिंपडण्याचे काम गच्चीत किंवा न्हाणीघरात करावे.

मोठ्या मुलासाठी मी खळीचा कागद सुचवेन, कारण त्याला ठशांपेक्षा अधिक काही करावेसे वाटण्याचा संभव आहे. एक वाटी मैदा पाच वाट्या थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवावा, मंद आचेवर सतत ढवळत दाट होईपर्यंत शिजवावा, निववून गाळावा आणि त्यात रंग मिसळावा. पुस्तकबांधणीच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. ते विषारी असल्याने मुलांसोबत करायच्या खळीत अजिबात घालू नये. जाड खाकी कागद ओल्या फडक्याने किंचित दमट करून त्यावर ही खळ रुंद ब्रशने सारखी पसरावी आणि ती ओली असतानाच तिच्यातून जुना कंगवा, फणी किंवा पुठ्ठ्याला दाते कापून केलेली पट्टी ओढावी. लाटा, वेलांट्या, चौकडी, जे सुचेल ते उमटते, आणि नाही आवडले तर ब्रश फिरवून पुन्हा पहिल्यापासून करता येते, म्हणून भित्र्या मुलांना हा प्रकार विशेष मानवतो. जर्मनीतल्या हेर्नहूट गावी मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या अविवाहित स्त्रिया अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात असेच कागद करून विकत आणि ते पुस्तकांच्या बांधणीला वापरले जात, म्हणजे पुस्तकांच्या वेष्टनाला हा कागद शोभेल यात मला शंका नाही. तो वाळायला बराच वेळ लागतो आणि वाळताना आक्रसतो. पूर्ण वाळल्यावर रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवावा.

वेळ असेल तर हळदीचा प्रयोगही अवश्य करावा. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो हे मुलांनी पाहिलेले असते. पांढऱ्या कागदाला हळदीचे दाट पाणी फासून वाळवावे आणि मग साबणाच्या किंवा खायच्या सोड्याच्या पाण्यात भेंडी बुडवून ठसे द्यावेत. पिवळ्यावर तांबूस फुले उमटताना मुले श्वास रोखून पाहतात. हा रंग उजेडात उडतो, त्यामुळे कागद भेट देण्याच्या आदल्या दिवशीच करावा. बिटाचा रस मात्र मी टाळते, कारण वाळल्यावर तो मळकट तपकिरी होतो.

गुंडाळण्यासाठी किती कागद लागेल हे थोरल्याला मोजू द्यावे. खोक्याभोवती दोरा एकदा फिरवून त्यात तीन सेंटिमीटर मिळवले की एक बाजू मिळते, आणि खोक्याच्या लांबीत त्याची उंची दोनदा मिळवली की दुसरी. २१ सेंटिमीटर लांब, १४ रुंद आणि २ जाड असे पुस्तक असेल तर ३५ बाय २५ सेंटिमीटरचा तुकडा लागतो. हे माप ठसे देण्यापूर्वी घेऊ नये. मुलांना मोठा अखंड कागद द्यावा, तो जमिनीवर पसरून चारही कोपऱ्यांवर वजने ठेवावीत आणि कापणे वाळल्यानंतर करावे. लहान तुकड्यावर मुले आकार मधोमध मांडत बसतात, मोठ्या कागदावर हात मोकळा चालतो. एकाने ओळी मांडल्या आणि दुसऱ्याने मन मानेल तिथे ठसे दिले तरी दोघांचे ठसे एकाच कागदावर राहू द्यावेत, वाकडी ओळ सरळ करण्यासाठी मोठ्यांनी मध्ये हात घालू नये.

चमकी आणि स्टिकर यांची गरज पडत नाही, चमकी तर प्लॅस्टिकचीच असते आणि घरभर पसरते. चिकटवायला उरलेली खळ, बांधायला सुतळी किंवा जुन्या सुती साडीची फाडलेली काठ घ्यावी. कापून उरलेल्या पट्ट्यांना भोक पाडून नावाच्या चिठ्ठ्या कराव्यात, आणि त्यांवर घेणाऱ्याचे नाव थोरल्याने लिहावे, धाकट्याने अंगठ्याचा ठसा द्यावा.